केरबा मिस्त्रीचा जावई आणि उघडा पत्रा

कोल्हापूरकडच्या एका फाट्यावर एक भोळा जावई होता. जावई घरात असतो, सासरवाडीत असतो, फाट्यावर कशाला असेल, असं विचाराल तर तेही सांगतो. त्याचा सासरा केरबा मिस्त्री. मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगचं त्याचं शेड त्या फाट्यावर होतं. केरबाला मुलगा नव्हता, मुली दोन. थोरली मालन त्यानं ज्योतिरामला दिली, आणि ज्योतिराम इकडंच राहायला आला. गडी कामाला वाघ. अडचण एवढीच, की सांगाल तेच करायचा, आणि एकदा सांगितलेलं काही केल्या विसरायचा नाही.

दुसरा कुणी असता तर केरबानं त्याला पहिल्याच दिवशी पान्हा फेकून मारला असता. पण हा पडला जावई. जावयाला 'अरे' म्हणायची सोय नाही. केरबाची बायको आक्का, तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, "जावयाचा मान हाय. 'अहो'शिवाय शब्द काढायचा न्हाई. तोंडातनं 'अरे' गेलं, की मी चालले माहेरी."

म्हणून राग आला की केरबा आधी म्हणायचा, "वा, जावईबापू!" मग शेडच्या मागं जायचा, आणि तिथं पडलेल्या एका भंगार बॉनेटवर हातोडा घालत बसायचा. धाड, धाड, धाड. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, मिस्त्रीकडं काम फार.

अशात धाकट्या शेवंताला स्थळ आलं. मुलगा गुणी, आणि शेवंताला असा पसंत पडला की भाकरी थापतानासुद्धा ती आपली हसतेय. पण मुलाचा बाप आप्पासाहेब म्हणजे लवंगी मिरची. भरघोस मिशा, डोक्याला फेटा. तो फेटा काढलेला गेल्या वीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता. त्यांनी आपली जुनी मोटार शेडात आणून उभी केली. बाटलीसारखी गर्द हिरवी, आणि टपापासून दारापर्यंत गंजानं पोखरलेली.

"मिस्त्री," आप्पासाहेब म्हणाले, "मी माणूस बोलण्यावरनं नाही, कामावरनं ओळखतो. गाडी नवी करून दाखवा. गंजाचा एक फोड जरी मला दिसला, तरी सोयरीक मोडली समजा."

झालं! शेवंताचं हसू तिथल्या तिथं आटलं. मालननं नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, माझ्या बहिणीचं लगीन त्या गाडीवर टांगलंय. जरा डोकं लावून काम करा."

"लावतो की," ज्योतिराम म्हणाला, आणि त्यानं मनापासून ठरवलं, की जे जे मामा सांगतील ते ते करायचं. सासऱ्याला तो मामा म्हणायचा.

केरबानं गाडी घासून घासून उघडी केली. आतला पत्रा चकचकायला लागला. मग त्यानं जावयाला समोर बसवून सांगितलं, "जावईबापू, उघड्या पत्र्यावर रंगाच्या आधी साधा लाल प्रायमर चालत न्हाई. तो खिडक्यांच्या गजांना. त्याच्यातनं ओल आत शिरती आणि खालनं फोड येतात. उघड्या पत्र्याला इपॉक्सी पायजे. तो बसला की सुटत न्हाई. पण त्याला नुसता उन्हात ठेवायचा न्हाई, पांढरा पडतो. वर रंग आलाच पायजे. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल की!"

"मग तालुक्याला जावा आणि इपॉक्सी घेऊन या. मी जरा लग्नाच्या बोलण्यांना जाऊन येतो. तोवर डिकीला एक हात मारून ठेवा."

ज्योतिराम तालुक्याला गेला. दुकानदारानं भिंतीचा प्रायमर दाखवला, लाकडाचा दाखवला, लाल दाखवला. ज्योतिराम हलला नाही. "उघडा पत्रा हाय. इपॉक्सी द्या." इथपर्यंत गडी बरोबर होता बघा! दुकानदारानं एक मोठा डबा दिला आणि त्याच्यावर एक छोटा डबा ठेवला. ज्योतिराम विचारात पडला. भाजीवाली वर चार काड्या कोथिंबीर टाकते, तसला प्रकार दिसतोय. पण मी मिस्त्रींचा जावई. फुकटचं घेऊन गेलो तर सासऱ्याचं नाव जाईल. त्यानं दुकानदाराची पाठ फिरल्यावर छोटा डबा हळूच फळीवर ठेवला आणि मोठा घेऊन ताठ मानेनं घरी आला. डिकीला एक हात मारला आणि मालनला सांगून झोपला.

छोट्या डब्यात हार्डनर असतो. तो मिसळल्याशिवाय इपॉक्सी वाळत नाही. हे मिस्त्रीला इतकं पाठ होतं, की सांगायचंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी केरबा आला तर डिकी ओली. दुपारी ओली, संध्याकाळी ओली. आक्काच्या कोंबड्या तिच्यावरनं फिरून गेल्या होत्या. डिकीला पिसं फुटली होती.

"छोटा डबा कुठाय?"

"परत ठेवला, मामा. आपण असलं फुकटचं घेत न्हाई."

"वा, जावईबापू!" केरबा म्हणाला. शेडच्या मागं गेला. धाड, धाड, धाड. परत आला तेव्हा जरा शांत होता. "हे बघा. मोठ्याबरोबर छोटा असला, तर छोट्याला सोडून यायचं न्हाई. मोठा एकटा कामाचा न्हाई. दोन्ही आणायचे, चार भाग मोठ्यातलं, एक भाग छोट्यातलं, असं मिसळायचं, आणि जरा वेळ तसंच ठेवायचं."

"एवढंच ना? आधी सांगायचं की."

त्याच संध्याकाळी आक्कानं ज्योतिरामला शेजारी पिटाळलं. पाहुण्यांसाठी पाणी तापवायला काशीबाईचा मोठा हंडा पाहिजे होता. काशीबाई मागं परसात गेलेली, दार उघडं. ज्योतिराम गेला तर हंडा सोप्यात होता, आणि हंड्याला धरून काशीबाईचा नातू उभा होता, नुकता चालायला लागलेला. मोठ्याबरोबर छोटा! ज्योतिरामनं छोट्याला उचलून मोठ्यात ठेवलं आणि दोन्ही घेऊन घरी आला. पोरगं आतनं खदाखदा हसतंय.

थोड्या वेळानं गल्लीत आरडाओरडा. पोर चोरीला गेलं म्हणून काशीबाई छाती बडवतेय, माणसं विहिरीत वाकून बघतायत. केरबा पळत आला तर जावई चुलीजवळ बसलेला, मांडीवर पोर, समोर हंडा.

"अहो, हे पोर कशाला आणलं?"

"छोट्याला सोडून कसं यायचं, मामा? मोठा एकटा कामाचा न्हाई. फक्त एक विचारायचं हाय. ह्यातलं चार भाग आणि ह्यातलं एक भाग कसं घ्यायचं?"

केरबानं पोर हिसकावून घेतलं, काशीबाईला नेऊन दिलं, तिच्या शिव्या खाल्ल्या, आणि तसाच शेडच्या मागं गेला. धाड, धाड, धाड.

मग काही दिवस केरबानं जावयाला आपल्या नजरेखाली ठेवला. दोघांनी डिकी परत खरवडली. केरबा सांगत होता, "प्रायमरच्या आधी पत्रा थिनरच्या फडक्यानं पुसायचा. तेलाचा अंशसुद्धा वर ऱ्हाता कामा नये. उघड्या हातानं शिवायचं न्हाई, हाताचं तेल लागतं. तेल ऱ्हायलं की सगळी मेहनत वाया."

"तेलाचा अंश नको," ज्योतिरामनं घोकलं.

दोन दिवसांनी आप्पासाहेब गाडी कुठवर आली ते बघायला आले. आक्कानं बोकडाचं मटण केलं, तांबडा रस्सा केला. काय तो रस्सा! वर बोटभर लालभडक तर्री. वास फाट्याच्या पलीकडं गेला होता. आक्का ताटं मांडायला बाहेर आली, आणि पातेल्यावर लक्ष ठेवायला ज्योतिराम आत बसला. त्यानं लक्ष ठेवलं. पातेल्यात बघितलं तर वर नुसतं तेल!

सगळी मेहनत वाया जाणार की. बिचाऱ्यानं थिनर नाही वापरला, एवढी अक्कल त्याला होती. एक धुतलेलं पांढरं फडकं घेतलं, हातात पिशवी घातली, आणि एक एक थेंब तर्री टिपून काढली.

पंगतीत आप्पासाहेबांनी पहिला भुरका मारला. थांबले. वाटीत वाकून बघितलं.

"मिस्त्री, ही आमटी आहे का रस्सा?"

आता कोल्हापूरच्या माणसाला तुम्ही काहीही म्हणा, तो ऐकून घेईल, पण त्याच्या रश्शाला आमटी म्हणू नका. केरबाचा चेहरा उतरला. आक्का दारामागं गेली ती आलीच नाही. आप्पासाहेबांनी हात धुतला आणि म्हणाले, "रश्शाची ही तऱ्हा, तर गाडीची काय असेल? लग्नाची घाई करू नका. आधी गाडी बघू."

शेवंता त्या दिवशी जेवली नाही. ज्योतिरामला फार वाईट वाटलं. तो तिला समजवायला गेला, "शेवंताताई, तेलाचा अंशसुद्धा ठेवला न्हाई बघा मी, तरी ते का रागावले कुणास ठाऊक." शेवंता आणखीच रडायला लागली. मागनं आवाज येत होता. धाड, धाड, धाड.

पुढचा धडा होता कागदाचा. रंग फवारायच्या गनमधनं रंग उडतो, म्हणून काचा, दिवे, निकेलच्या पट्ट्या आधी झाकून घ्यायच्या. "जिथं रंग नको," केरबानं सांगितलं, "तिथं वर्तमानपत्र लावायचं आणि कडेनं चिकटपट्टी. कड अशी सरळ पायजे, की बघणाऱ्यानं बघत ऱ्हावं."

हे काम मात्र ज्योतिरामला असं जमलं, की केरबासुद्धा बघत राहिला. पट्टी लावावी तर ज्योतिरामनं. केरबाच्या मनात आलं, बरं झालं, एक तरी गोष्ट आली.

नेमकी दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. पोरं बादल्या घेऊन गल्लीत सुटली. काशीबाई दारात बसून ओरडत होती, "मला रंग नको! सांगून ठेवते, मला रंग नको!" पोरं कुठली ऐकतायत? पण ज्योतिरामनं ऐकलं. पोराच्या भानगडीमुळं म्हातारीशी जरा वाकडं आलंच होतं, तेवढंच भरून निघेल म्हणून तो शेडातनं कागद आणि पट्टी घेऊन आला. म्हातारी "अरे, अरे, काय करतोस?" म्हणेपर्यंत खालनं वरपर्यंत तिला गुंडाळून टाकली. कडा एकदम सरळ.

केरबानं येऊन बघितलं तर काशीबाईच्या दारात वर्तमानपत्राचा खांब. खांबाच्या आतनं शिव्या येत होत्या. त्यानं घाईघाईनं पट्टी फाडली आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला, "अहो, माणसाला कागद लावताना नाक तरी मोकळं ठेवायचं!"

"हां," ज्योतिराम म्हणाला, "नाक मोकळं ठेवायचं." तेही त्यानं मनात नीट ठेवून दिलं.

आता शेवटची गोष्ट ऐका, कारण तिच्यापायीच सगळं झालं. टपावर एक खळगा राहिला होता. केरबानं तो ठोकून घासून उघडा केला, आणि तेवढ्यात त्याला सासुरवाडीकडच्या एका मयताला जावं लागलं. इपॉक्सी कालवून ठेवलेला, ब्रश समोर, जावई समोर. केरबाला वाटलं, आता हे काय सांगायला पाहिजे? तो न सांगताच गेला. ज्योतिराम टपासमोर बसून राहिला. आभाळ भरून आलं, शिंतोडे पडले, शेडाच्या फटीतनं पाणी टपावर ठिबकलं. तो बघत राहिला. केरबा परतला तेव्हा उघड्या पत्र्यावर तांबूस गंज धरला होता आणि डब्यातला इपॉक्सी दगड झाला होता.

"अहो! इपॉक्सी का न्हाई मारला?"

"तुम्ही सांगितलं न्हाई, मामा."

केरबा मटकन खाली बसला. बॉनेटपर्यंत जायचं त्राणही त्याच्यात नव्हतं. आणि बसल्या जागी तो जे बोलला, ते त्यानं बोलायला नको होतं. "जावईबापू, हात जोडतो. उघडं दिसलं की माझी वाट बघायची न्हाई! कुणाला विचारायचं न्हाई! कुणाचं का असेना, उघडं दिसलं की आधी पुसायचं आणि इपॉक्सी मारायचा! आणि आता ह्या गाडीला तुम्ही हात लावायचा न्हाई."

मग केरबानं एकट्यानं काम केलं. टप परत घासला, इपॉक्सी मारला, खळगा बुजवायला लांबी भरली, वर गर्द हिरवा रंग चढवला. गाडी अशी दिसायला लागली, की बॉनेटमध्ये बघून माणसानं भांग पाडावा. ज्योतिराम लांब उभा राहून बघत होता. गाडीला हात लावायचा नव्हता, म्हणून त्यानं हात मागं बांधून घेतले होते.

ठरल्या दिवशी भर दुपारी आप्पासाहेब आले. तासभर अगोदरच आले. केरबा त्यांना बघून गडबडला. "आप्पासाहेब, तुम्ही गाडी बघा, मी घरच्यांना सांगून चहा-पाणी घेऊन येतो," म्हणाला आणि घराकडं पळाला.

आप्पासाहेबांनी गाडीभोवती फेरी मारली. वाकून बघितलं, बोट फिरवून बघितलं. एक फोड नाही. ऊन मी म्हणत होतं. लिंबाखाली बाज होती, तिच्यावर टेकले. इकडं तिकडं बघितलं, कुणी दिसलं नाही. हळूच फेटा काढून उशाला ठेवला, आणि वाऱ्याची झुळूक लागताच घोरायला लागले.

ज्योतिराम शेडातनं बाहेर आला आणि जागीच थबकला. आप्पासाहेबांच्या डोक्यावर एक केस नव्हता. गुळगुळीत, चकचकीत, आणि सगळंच्या सगळं उघडं! फांद्यांतनं आलेल्या उन्हात तळपत होतं.

बापरे, म्हणजे गंज धरायला किती वेळ? आणि हे तर शेवंताताईचे होणारे सासरे. मामांना हाक मारावी, तर मामांनीच सांगितलंय की विचारायचं नाही.

मग ज्योतिरामनं एक एक धडा आठवला. मोठा डबा आणला, छोटा आणला. चार भाग, एक भाग, नीट मिसळलं, जरा वेळ तसंच ठेवलं. तोवर हातात पिशवी घालून थिनरच्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं. गार लागलं तसे आप्पासाहेब झोपेत "आहाहा" म्हणाले. तेलाचा अंश ठेवला नाही. रंग नको तिथं, म्हणजे भुवयांवर आणि मिशांवर, कागद लावला. कानाला पट्टी. नाक मोकळं. आणि मऊ ब्रशनं, श्वास रोखून, एक पातळ हात मारला. काही म्हणजे काही चुकलं नाही, आणि उन्हाच्या झळेनं तो हात बघता बघता वाळलाही.

कपबशांचा ट्रे घेऊन केरबा आला, मागं आक्का, मालन, शेवंता. चौघंही जागीच खिळले.

केरबाच्या मनात आलं, संपलं. पोरीचं लग्न संपलं. पण डोळे पडले मिस्त्रीचे! ते आपोआप काम बघायला लागले. एक ओघळ नाही. ब्रशचा एक माग नाही. कपाळावरची कड अशी सरळ, की बघत राहावं. पाच महिने शिकवत होता, आणि असं काम त्याच्या हाताखाली कधी झालं नव्हतं.

"वा, जावईबापू," तो पुटपुटला.

तेवढ्यात आप्पासाहेब जागे झाले. मिशीवरचा कागद ओढून काढला, डोक्याला हात लावला, आणि तरातरा गाडीजवळ गेले. बॉनेटमध्ये वाकून बघितलं. इपॉक्सी राखाडी असतो. नुकतीच कटिंग केल्यावर बारीक पिकले केस दिसतात ना, अगदी तसं दिसत होतं. आप्पासाहेबांनी मान डावीकडं केली. उजवीकडं केली. शेवंताच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

"मिस्त्री, हे काय आहे?"

"इपॉक्सी, आप्पासाहेब."

"निघतं का?"

केरबाला खोटं बोलवेना. "चांगलं बसलं असलं तर लवकर न्हाई निघत."

"मग बसलंय का चांगलं?"

केरबा जवळ गेला, मान वाकडी करून उजेडात बघितलं. "झकास बसलंय."

आप्पासाहेबांनी आणखी एकदा बॉनेटमध्ये बघितलं. वीस वर्षांनी स्वतःच्या डोक्यावर काहीतरी बघत होते बिचारे. मग मिशीवर ताव दिला आणि म्हणाले, "जवळचा मुहूर्त धरा. हे निघायच्या आत लग्न उरकायचं. आणि मांडवात मी फेटा बांधणार नाही!"

काय आनंद झाला म्हणून सांगू! आक्कानं साखर वाटली. शेवंता एकदमच रडत होती आणि हसत होती. केरबानं जावयाच्या पाठीवर थाप मारली, "शाबास, जावईबापू!" ज्योतिराम म्हणाला, "पण मामा, वर रंग..." त्या गलक्यात कुणी ऐकलं नाही.

आठवड्यात लग्न झालं. अक्षता पडल्या, शेवंता सासरची झाली. वरमालांपासून जेवणापर्यंत आप्पासाहेब मांडवात उघड्या डोक्यानं मिरवले, उन्हात उभे राहून पाहुण्यांना सामोरे गेले. ज्योतिरामचा जीव मात्र खालीवर होत होता. इपॉक्सी नुसता उन्हात ठेवायचा नाही, पांढरा पडतो. वर रंग आलाच पाहिजे. जेवणं झाली, आप्पासाहेब लोडाला टेकले, डोळा लागला. केरबा पाहुण्यांच्या घोळक्यातनं वळून बघतो, तर जावई लोडामागं बसलेला, एका हातात गाडीच्या रंगाचा उरलेला डबा, दुसऱ्या हातात ब्रश. आप्पासाहेबांची डावी बाजू गर्द हिरवी झालेली.

केरबाच्या तोंडात "वा" आलं. पाय मागं वळले. पण मांडवात बॉनेट कुठलं? हातात हातोडा कुठला? इतक्या महिन्यांचं साठलेलं जायचं कुठं? ते तोंडातनं बाहेर आलं.

"अरे ए ज्योत्या! अरे गाढवा! काय करतोयस रे हे!"

सनई थांबली. आप्पासाहेबांचं घोरणं तेवढं चालू होतं. आक्कानं तोंडाला पदर लावला. भर मांडवात, चारशे माणसांत, जावयाला 'अरे'! आता जावई रुसणार, मालनला घेऊन निघून जाणार.

ज्योतिराम सासऱ्याकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"मालन," तो म्हणाला, "ऐकलंस? मामा मला अरे म्हणाले. पोटच्या पोरासारखं. आजपतूर पावणा होतो गं मी. आज घरचा झालो."

आणि घरचं काम अर्धं सोडू नये म्हणून त्यानं डोळे पुसले, ब्रश बुडवला, आणि उजवी बाजूही रंगवून टाकली.